ओढा आपणहून सरकला

९ नोव्हेंबर

तीर्थरूप काका,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर तुमच्या ओळखीचं नसणार. मी तुमच्या थोरल्या भावाची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी दुसरीत होते, आता विद्यापीठात भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुमचा पत्ता आत्याने दिला. देताना म्हणाली, "तो उत्तर देईलच असं धरून चालू नकोस." नाही दिलंत तरी चालेल. फक्त पत्र शेवटपर्यंत वाचा.

भूगोल शिकते म्हटलं की लोक मला देशांच्या राजधान्या विचारतात. मला अर्ध्याही येत नाहीत. आम्ही दिवसभर वाळू चाळतो, गाळ वाळवून त्याचं वजन करतो, गोट्यांचे कोपरे किती झिजलेत ते बघतो. माझ्या नखांत कायम माती असते. खोलीतली मैत्रीण जेवायच्या आधी माझे हात तपासते, शाळेत तपासायचे तसे.

यंदा प्रत्येकाने एक ओढा निवडून त्याचा अभ्यास करायचा होता. मी आपला निवडला.

तुम्ही कधी विमानातून काढलेल्या फोटोंची जोडी पाहिली आहे का? एकाच जागेचे दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि वरून दोन भिंगांतून बघायचं. आधी नुसता करडा कागद दिसतो. मग डोळे स्थिरावतात आणि जमीन उठून उभी राहते. झाडं वर येतात, पात्र खाली जातं. मला आपली रोपवाटिका दिसली, काका. पाण्याची टाकी, कलमांच्या रांगा, ओढ्याच्या अलीकडे बाबांचा भाग, पलीकडे तुमचा. मी अशी काही किंचाळले की आमच्या बाईंना वाटलं, फोटोंच्या खोक्यातून विंचू निघाला.

आता मुद्द्याचं. असे दोन संच मिळाले. पहिला माझ्या जन्माच्या बऱ्याच आधीचा. दुसरा तुमच्या दोघांच्या भांडणाच्या दोन वर्षं आधीचा. दोन्हींवरची ओढ्याची रेघ पारदर्शक कागदावर गिरवली आणि कागद एकावर एक ठेवले. वळणापाशी ओढा बाबांच्या बाजूला चौदा मीटर सरकलेला होता. भांडणाच्या आधीच. वळणावर पाणी बाहेरचा काठ खात जातं आणि आतल्या काठावर गाळ टाकतं, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. बाबांचा काठ बाहेरचा होता, तुमचा आतला. एवढंच. बाबा तुमच्यावर आरोप करत होते तसं कुणी काही खोदलं नव्हतं, कुणी पाणी वळवलं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "फोटो झाला, आता जमिनीला विचार." म्हणून सुट्टीत हाताने फिरवायचं गिरमिट घेऊन गेले. तुमचा भाग ज्यांनी घेतला त्यांनी आनंदाने परवानगी दिली. वर मऊ गाळ, आणि दीड मीटरवर गिरमिट खणकन वाजलं. गुळगुळीत गोटे. ओढ्याचं जुनं पात्र, बरोबर मी गिरवलेल्या नकाशात होतं तिथेच. मी तिथे चिखलात बसून एकटीच हसत होते. इतका आनंद मला कुठल्याच निकालाने दिलेला नाही.

आणि मग रडूही आलं. ते का, ते लिहायला मी तीन पानं घेतली.

तुमचं भांडण झालं त्या संध्याकाळी मी ओढ्यावर होते. पूर आला होता म्हणून मला तिकडे जायची बंदी होती. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभे राहून अडकलेलं झाड पहारीने सोडवत होतात. मी नीट पाहिलं होतं. घरी चिखलाचे पाय घेऊन आले आणि पकडले गेले. बाबांनी विचारलं, "तिकडे काका होता? काय करत होता? खोदत होता ना?" एकदा नाही, चार-पाच वेळा. मला वाटलं, हो म्हटलं की माझ्या पायांचा विषय संपेल. मी मान हलवली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सगळं विकून निघून गेलात. मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. ओढा का निवडलास, असं बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनाही म्हणाले, घराजवळ आहे म्हणून.

नकाशाची प्रत सोबत ठेवली आहे.

माफी मागायचा हक्क आहे की नाही हे न कळलेली,
तुमची पुतणी


२७ नोव्हेंबर

तीर्थरूप काका,

तुमचं कार्ड मिळालं. जिन्यातच वाचलं, मग वर जायचं विसरून तिथेच बसून राहिले. "नकाशा पाहिला. मोजणी सुबक आहे. सात वर्षांच्या पोरीला कुणी साक्षीला उभं करतं का, हे तुझ्या बापाला विचार."

विचारलं.

शनिवारी भिंगांची चौकट, फोटो आणि तुमचं कार्ड घेऊन घरी गेले. बाबांना आधी मी माझी गोष्ट सांगितली, मान हलवल्याची. मग त्यांना फोटोंपुढे बसवलं. खूप वेळ त्यांना काही दिसेना. मग एकदम हात पुढे करून ते हवेतच टाकीला हात लावायला गेले. रेघा दाखवल्या, तारखा दाखवल्या. त्यांनी त्या दोनदा वाचल्या. शेवटी कार्ड पुढे ठेवलं.

चष्मा काढून पुसत राहिले. म्हणाले, "तू मान हलवली नसतीस तरी मी तेच म्हटलं असतं. मला तेच ऐकायचं होतं." आईने चहा आणला होता, तो तसाच गार झाला. मग म्हणाले, "त्याचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, आत्याला विचार." आत्याला म्हणे ते दर वर्षी विचारतात. मला हे आजवर माहीत नव्हतं.

माझ्या प्रकल्पाला विभागात पहिला नंबर मिळाला. बाई म्हणतात, पुढे संशोधन कर, आणि मी करणार आहे. पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

बाबा येत्या रविवारी सकाळच्या बसने तुमच्याकडे येत आहेत. मी सोबत येऊ का विचारलं. म्हणाले, "नको. या वेळी साक्षीदार नको."

दार तुम्ही स्वतः उघडावं, एवढंच मागणारी,
तुम्हा दोघांची मुलगी