पाचव्या रांगेतली टाळी

शनिवार, ११ जानेवारी
लॅरी पिंटोंच्या आठवणीत नरिमन पॉइंटला जॅझ. शरदचंद्र गेल्यानंतर पहिल्यांदाच असा कार्यक्रम ऐकला. सोबतीला मावसबहीण शकू. मनगट प्लास्टरमध्ये, तरी आली.
लग्नाआधी शरदचंद्र मला चर्चगेटच्या रेस्टॉरंटात ह्याच पिंटोंचा ट्रम्पेट ऐकायला न्यायचे. पहिलं गाणं सुरू झालं की माझे दोन्ही हात हातात घ्यायचे, ते थेट बिल येईपर्यंत. त्या काळात, चारचौघांत! कटलेट गार होऊन जायचं. लग्नानंतरही प्रत्येक जॅझला तेच.
आज हात मोकळे होते. चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. मग मनसोक्त टाळ्या वाजवल्या.

सोमवार, १३ जानेवारी, सकाळी
पेपरात परीक्षण. कुणी विनीत धुरंधर. लिहितो, बँड मधूनमधून डळमळला, कारण पाचव्या रांगेतल्या एक बाई शेवटपर्यंत आरतीला वाजवतात तशा टाळ्या वाजवत होत्या. जॅझची टाळी म्हणे दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडते, ह्या बाईंची पहिल्या आणि तिसऱ्यावर. शेवटी ड्रमरने हार मानली आणि तो बाईंच्या मागून गेला.
साफ खोटं. बँड अजिबात डळमळला नाही. मी पूर्ण वेळ साथीला होते, मला कळलं नसतं?

दुपारी
पाचव्या रांगेत बायका तीनच. मी, शकू आणि एक पारशी बाई. शकूचा एक हात प्लास्टरमध्ये. पारशी बाई झोपल्या होत्या. म्हणजे त्याच. झोपेत माणसाचा ताल जायचाच.
संपादकांना कडक पत्र लिहायचं. आजच.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. आज गोड बोलायचं असतं. पत्र उद्या.
शकू तिळगूळ घ्यायला आली. तिला परीक्षण वाचून दाखवलं तर बया हसतच सुटली. म्हणे, देवी, मला तर वाटलं आता तू उठून कापूर लावतेस! तिला तिळगूळ दिला, पण त्यातला लहान बघून.

गुरुवार, १६ जानेवारी
पत्र सुरू. आधी स्वतःची पात्रता सांगावी लागते, त्यातच पान भरलं. कॉन्व्हेंटच्या कॉयरमध्ये मी सगळी वर्षं होते. सिस्टर मला मागच्या ओळीत उभं करायच्या आणि मायेने म्हणायच्या, देविका, यू जस्ट मूव्ह युअर लिप्स, डार्लिंग. बाकीच्या मुली माझ्यापुढे फिक्या पडू नयेत म्हणून. असे शिक्षक आता कुठे?
सूनबाईने, मेघनाने, मोबाइलवर टकटक करणारं ॲप लावून दिलं. म्हणाली, आई, दोन आणि चारवर. मी वाजवली. म्हणाली, आई, हे एक आणि तीन. पुन्हा वाजवली. मेघनाला अचानक कुकर आठवला.
ॲप फुकटातलं आहे. त्यावर कितीसा विश्वास ठेवायचा?

रविवार, १९ जानेवारी
मेघनाच्या मैत्रिणीने त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला. पाचवी रांग स्वच्छ दिसते. माझी निळी इरकल दिसते. हात वरखाली होताना दिसतात. पण चित्र आणि आवाज ह्यांचा मेळ नाही, हे कुणीही सांगेल. पारशी बाईंचे हात मांडीवर. गाढ.
पत्र रद्द. पत्रांनी काय होतं? प्रत्यक्षच दाखवून द्यायचं. शनिवारी हाच बँड दादरला आहे. धुरंधरही येणार म्हणे. त्याच्या डोळ्यांदेखत पाचव्या रांगेत बसायचं. निळी इरकलच नेसून.

शनिवार, २५ जानेवारी
विजय!
शकू म्हणाली, मला माफ कर बाई, मी नाही येत. मग सोबतीला आमचा सिद्धार्थ आला. पहिलं गाणं सुरू होताच लेकाने माझा डावा हात धरला. मग उजवाही. थेट बापावर गेलाय. डोळे भरून आले. टाळ्या वाजवायचं राहूनच गेलं.
मध्यंतरात धुरंधर भेटला. पोरगेलाच आहे. म्हणाला, आज बँड काय सुरेख जमलाय ना! मी म्हटलं, त्या दिवशीही असाच जमला होता. त्याने माझ्या साडीकडे नीट पाहिलं आणि बटाटेवड्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला.
हरला.

रविवार, २६ जानेवारी
सकाळी चहा घेताना सिद्धार्थला म्हटलं, काल बाबांची फार आठवण करून दिलीस रे. तो हसला. म्हणाला, बाबांनीच सांगून ठेवलं होतं, आई जॅझला निघाली की तिचे दोन्ही हात धर. एकाने भागत नाही, दुसऱ्याने ती मांडीवर वाजवते.
चहा गार झाला.
आमच्या घरी गणपतीत दोन्ही वेळा आरती. इतकी वर्षं शेजारी उभे राहिलो. तिथे शरदचंद्रांनी माझा हात कधीच धरला नाही.
पण गाणं संपल्यावर सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्यांना कसला आलाय ताल. तेव्हाही ते माझे हात सोडत नसत.
हे सिद्धार्थला सांगितलेलं नाही.