बिडी कारखान्याच्या आत

१९ जाने.
सकाळी ग्रा.पं.त. जुना बिडी कारखाना पाडून दुकानगाळे काढायचे, असा ठराव २६ च्या ग्रामसभेत येतोय. सरपंच म्हणतो, "गुरुजी, जिंदगीभर चित्रकला शिकवली, आता विटांवर जीव काऊन जडला?" छपराच्या सागवानी कैच्या, कमानी, बिड्या शेकायची भट्टी, सगळं शाबूत आहे! गाढवाला गुळाची चव काय. चहा न घेताच उठलो.

२० जाने.
ग्रामसभेत बिड्या वळणाऱ्या बायांनी हात वर केले तरच कारखाना वाचेल. आधी देवकाबाईंकडे गेलो. त्यांचा उभा जन्म घरी बसून बिड्या वळण्यात गेला. वाटलं, ही तर आपलीच.
"पाडू द्या न गुरुजी. आजच पाडत असन त घमेलं घेऊन येतो मी."
तसाच घरी परतलो.

२१ जाने.
सौ.ला सांगितलं. ती फाडकन म्हणाली, "तुमाले कमान दिसते. तिले मुनीम दिसत असन." खरंय. तो कारखान्याच्या खिडकीतून बिड्यांचे कट्टे घ्यायचा, आणि छाट, म्हणजे खराब माल, म्हणून मूठभर बिड्या वळणारीच्या डोळ्यांदेखत मोडून फेकायचा. दाद ना फिर्याद. नीट झोप नाही.

२३ जाने.
ग्रा.पं.तून चावी आणली. देवकाबाईंना म्हटलं, पाडायच्या आधी एकदा बघून तरी घ्या. उंबऱ्याशी थबकल्या.
"आत कवाच नाई आलो जी. आमाले खिडकीपावतरच."
ज्या कारखान्यासाठी राबल्या, तो आतून पाहिलेलाच नाही! मला गलबलून आलं. त्या मात्र मुनीमाच्या ओट्यावर मांडी घालून बसल्या, आणि इतक्या हसल्या की ठसका लागला. भट्टीवरून हात फिरवला.
आता काय वाटतं, विचारलं.
"बाकीच्या बायांले आनतो. मंग पाहू."

२५ जाने.
दुपारी पुष्कळ जणी आल्या. सतरंजी, चिवडा, पानाचा डबा. मी कमानीची माहिती द्यायला घसा खाकरला, तोच देवकाबाई, "गुरुजी, तुमी बाहेर व्हा. आमाले बोलू द्या."
दार लावून घेतलं. आधी हसणं. मग कुणीतरी रडत होतं. दाराला कान लावावासा वाटला, लाजून दूर जाऊन बसलो.
उन्हं कलल्यावर बाहेर पडल्या. राहवेना. "उद्या हात वर कराल ना?"
"करू न जी. कोनत्या बाजूनं, थे उद्याच पायजा."
सौ.ही आत होती त्यांच्यात. विचारून विचारून थकलो, तीही काही सांगत नाही.