पार्किंगमधली चिठ्ठी

प्रिय तियोंगे,

पोहोचले एकदाची. मिनीबसच्या मागच्या बाकावर एक मक्याचं पोतं आणि दोन कोंबड्या यांच्यामध्ये पाच तास बसलेल्या बाईची पाठ जशी असायला हवी तशी आहे. तू ऑफिसच्या पांढऱ्या गाडीतून काच वर करून गेलीस. जाताना हात केलास, पाहिला मी. कार्यशाळेच्या तीन दिवसांत तू दाखवलेली ओळख तेवढीच. बाकी वेळ मी तुझ्यासाठी 'सहभागी क्रमांक एक्केचाळीस' होते.

तुला अक्षरं गिरवायला मी शिकवलं. डाव्या हाताने लिहितेस म्हणून इतर मास्तर पट्टी मारायचे, तेव्हा "हात डावा आहे, चोरीचा नाही" म्हणून मी त्यांच्याशी भांडले. पुढे तू बाई होऊन माझ्याच शाळेत आलीस आणि चार वर्षं पहिलीची पोरं आपण दोघींनी अर्धी अर्धी वाटून घेतली. मग तू वर्ग सोडून या शिक्षकांना शिकवणाऱ्या ऑफिसात गेलीस. त्या हक्काने चार शब्द लिहिते. गोड लागणार नाहीत.

काय गं तो तमाशा! फलकावर लिहिलं होतं, 'शिक्षकांसाठी अध्ययन आणि संपर्काची सुवर्णसंधी'. सरोवराकाठचं लॉज, दुपारी चांबो मासा, गळ्यात नावाचा पट्टा, आणि सकाळी आठला साठ पोक्त माणसांकडून 'पावसाची टाळी'. आधी एका बोटाने, मग दोन, मग पाच. ज्या लोकांच्या शाळांची छपरं खरोखरच्या पावसात उडाली, त्यांच्याकडून तू बोटांनी पाऊस पाडून घेतलास. त्यानंतर हत्तीचा नाच. चिर्वा सर, शेजारच्या शाळेचे सत्तावन्न वर्षांचे हेडमास्तर, कंबर धरून सोंड हलवत होते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, आमच्या घरी यातलं अवाक्षर बोलू नका हं."

दुपारी संपर्काचा तास. एकाने लोकरीचा गुंडा धरायचा, नाव सांगायचं, टोक हातात ठेवून गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा. अर्ध्या तासात आम्ही सगळे जाळ्यातल्या माशांसारखे गुंतलो आणि तू टाळ्या वाजवत म्हणालीस, "बघा, आपण सगळे जोडले गेलो!" जोडले कसले, गुंतलो. ती लोकर सोडवायला चहाची सुट्टी गेली. मी म्हटलं, ती मला दे, मोजायच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला होईल. तू म्हणालीस, "सॉरी मॅडम, ती सामानाच्या यादीत आहे." यादीत! पहिलीला एकशे सदतीस पोरं आणि काड्या बांधायला केळीचं सोपट, ते आठवड्यात वाळून तुटतं, हे तुला ठाऊक नाही असं तर नाही.

तू काढलेल्या त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आजवर तीनशे बारा निरोप आलेत. गुलाबाची फुलं, सुप्रभात, कुणाच्या तरी मामाचं निधन, आणि एकाला बोकड विकायचाय. शिकवण्याबद्दल एक निरोप होता, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

पण खरं डोकं फिरलं ते तुझ्या त्या 'पार्किंग'ने. भिंतीवर तपकिरी कागद, आणि अडचणीचा प्रश्न कुणी विचारला की चिठ्ठीवर लिहून तिथे लावायचा, वेळ मिळाल्यावर बघू म्हणून. गाडी पार्किंगमधून निदान बाहेर तरी निघते. मी लिहिलं होतं, 'जुलैत मी निवृत्त होते. जागेवर कुणी येत नाही. माझी पहिलीची पोरं दुसरीच्या वर्गात कोंबणार आहेत, म्हणजे एका बाईपुढे अडीचशे. त्यांना वाचायला कोण शिकवणार?' तू मोठ्याने वाचलंस, "वा, किती सुंदर प्रश्न!" म्हणालीस आणि चिकटवून टाकलास. सुंदर? मला त्या प्रश्नाने झोप लागत नाही. त्या क्षणी मला तुझी लाज वाटली तियोंगे, हे स्पष्टच सांगते.

शेवटच्या दिवशी तुमचे फोटो चालू होते, तेव्हा झाडणारी बाई तो कागद चुरगाळायला निघाली. मी म्हटलं, थांब गं बाई. त्रेचाळीस चिठ्ठ्या सोडवून पर्समध्ये घातल्या. मिनीबसमध्ये आम्ही पाचजण होतो, एकेक चिठ्ठी काढून वाचत गेलो. ऐकू न येणाऱ्या पोराला कुठे बसवायचं, ते चिर्वा सरांना ठाऊक होतं. घरी याओ भाषा बोलणाऱ्या पोरांना शाळेतली चिचेवा अक्षरं कशी लावायची, ते एका तरुण बाईने सांगितलं. मी चाळीस वर्षांत असं ऐकलं नव्हतं, पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. कंडक्टरसुद्धा मध्येच म्हणाला, "माझ्या पोरीला 'बी' कुठला नि 'डी' कुठला कळत नाही, त्याचंही बघा की." तीन दिवसांत जे झालं नाही ते कोंबड्यांच्या कलकलाटात झालं.

मग चिर्वा सरांनी एक चिठ्ठी वाचली: 'वर्ग सोडून सहा वर्षं झालेल्या बाईला पोरं परत घेतील का?' सगळे हसले. "ही कुणाची? आपल्यात सहा वर्षं रिकामं कोण बसलंय?" मी हसले नाही. चिठ्ठी त्यांच्या हातातून काढून घेतली. नाव नव्हतं. अक्षरं मात्र सगळी डावीकडे कललेली, आणि 'वाय'ची शेपटी उलटी वळलेली. ती शेपटी सरळ करायला मी एक अख्खं वर्ष घातलं होतं, जमलं नाही.

इतरांच्या प्रश्नांना उत्तरं तिथल्या तिथे मिळाली, तुझं तेवढं राहिलं, म्हणून हे पत्र. घेतील. पोरं कुणालाही घेतात, फक्त रोज यावं लागतं. पगार कमी, गाडी नाही, चांबो तर नाहीच. माझ्या जागेचं मी आल्याआल्या आपल्या शाळेच्या हेडमास्तरांच्या कानावर घातलंय, नाव न सांगता, ते म्हणाले, "कुणीही येऊ दे, अर्जावर मी आज सही करतो." सप्टेंबरचा पहिला सोमवार, सव्वासातला घंटा. पहिला आठवडा मी मागच्या बाकावर बसेन, म्हातारीला कोण हाकलतंय. माझा अंदाज चुकला असेल, तर हे पत्र तुझ्या पार्किंगमध्ये लाव. चुकला नसेल, तर येताना ती लोकर घेऊन ये.

तुझ्यावर चिडलेली, आणि तरी तुझीच,
एनेलेस मॅडम