मशालीचा धूर

अर्लीन,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय.

काल जुन्या प्रचार-झेंड्यांच्या प्रदर्शनात एक जाणकार म्हातारा माझ्या झेंड्यापुढं थबकला. तोच झेंडा, १८६० सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतल्या पडेल उमेदवाराचा, अमेरिकेच्या झेंड्याच्या पट्ट्यांवर त्याचं नाव छापलेला. भिंगातून कडेची काजळी बघून गडी हुरळलाच. "अहो, हा मशालींच्या मिरवणुकीत फिरलाय! दीडशे वर्षांपूर्वीचा धूर आहे, चुकूनसुद्धा धुऊ नका."

मी मान डोलावली. तो धूर दोन वर्षांपूर्वीचा आहे, आपल्या घराचा.

आगीत मला जिना चढता आला नाही, असं आपल्या आईला पुरलं त्या दिवशी मी तुला सांगितलं. चढलो होतो. आधी माझ्या खोलीत गेलो, भिंतीवरची झेंड्याची फ्रेम काढून काखेत मारली. परतताना अंथरुणाला खिळलेल्या आईनं आतून विचारलं, "लॉइड, आलास का रे?"

"आलोच," म्हणालो आणि झेंडा अंगणात ठेवायला खाली उतरलो. मागं वळलो तर जिना पेटला होता.

झेंडा मी अजून धुतलेला नाही.

लॉइड