इशिताच्या गालावरची खूण

॥ श्री ॥
फ्रीगंज, उज्जैन
५ जानेवारी २०२६

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानांनी फोनशी कट्टी केली, तेव्हापासून मला पुन्हा पत्रं लिहायची सवय लागली आहे. आज मात्र हात चालत नाही.

माझ्या नातीच्या, रुचिरच्या इशिताच्या, उजव्या गालावर ती जन्मली तेव्हा नुसती गुलाबी छटा होती. आता ती पापणीपासून कानापर्यंत पसरली आहे, लाल आणि फुगीर. अमृता तिला टोपऱ्यात अशी गुंडाळते की बघायला आलेल्यांना नाकाचा शेंडाच दिसतो. मी अमृताकडे सून म्हणून नाही, एक आई म्हणून बघते.

काल टावर चौकात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. अगदी तरुण मुलगी आहे. मला वाटलं, मलम देईल आणि परत पाठवेल. तिने डाग बघितला आणि पोरीला पूर्ण उघडं करायला सांगितलं. छातीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग मोजे काढून जांघेत आणि पावलांवर बोटं ठेवली. हाताची नाडी चांगली लागते, पायाची लागतच नाही म्हणाली. डागाचं औषध आहे, पण आधी हृदयाची जांच, आणि तीही इंदूरला, लगेच. रुचिरने विचारलं, डाग गालावर आणि जांच हृदयाची कशी? ती म्हणाली, कधीकधी दोन्ही बरोबर असतात. तपासणी झाल्यावर बोलू.

दूध पिताना पोरीला घाम येतो. आम्ही समजत होतो, दुपटी जास्त झाली.

लोभ आहेच, या आठवड्यात थोडा जास्त लागेल.

तुझी,
शैला

॥ श्री ॥
ग्वाल्हेर
१० जानेवारी २०२६

चि. सौ. शैला,
अनेक आशीर्वाद.

तू मुळातच घाबरट. शाळेत इन्स्पेक्टर यायचे म्हटलं की ताप तुला भरायचा. लहान मुलांच्या अंगावर डाग येतात आणि जातात. आपल्या जयूच्या पाठीवर केवढा होता, आता तिला स्वतःलाही आठवत नाही. हल्लीचे डॉक्टर शिंकेलासुद्धा इंदूर दाखवतात. तरी जाऊन या, मन मोकळं होईल.

एक विचारते, रागावू नकोस. सप्टेंबरात ग्रहण होतं, तेव्हा अमृता काही चिरत-कापत तर नव्हती? बँकेत जाणाऱ्या मुलींना हे पाळायची फुरसत नसते. राम घाटावरच्या गुरुजींना विचारून शांत करून घे, त्यात काही बिघडत नाही.

डॉक्टर काय म्हणतात ते लगेच कळव. पोस्टमन दिसला नाही की माझं जेवणात लक्ष नसतं.

तुम्हा सर्वांवर जीव असलेली,
अक्का

॥ श्री ॥
इंदूर
१७ जानेवारी २०२६

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र इथे आणलं होतं. माझ्या आधी ते अमृताने वाचलं. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना सरळ विचारलं की हे ग्रहणाने होतं का. ते हसले नाहीत. म्हणाले, चेहरा, मेंदू आणि हृदय यांच्या रक्तवाहिन्या पोटात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच आकार घेतात, तेव्हाच ही गडबड झाली. यात कुणाचा हात नाही. अमृताने बोटांवर हिशेब केला. ग्रहण होतं तेव्हा तिला सातवा लागला होता. मग ती बाहेर जाऊन रडली. आल्यापासून पहिल्यांदाच.

आजाराचं नाव फेस सिंड्रोम. फार कमी मुलांना होतो. गालावरचा डाग त्याचाच. हृदयातून निघालेली मोठी धमनी जिथे खाली वळते, तिथे ती चिमटल्यासारखी अरुंद आहे. म्हणून पायांकडे रक्त कमी जातं आणि हृदयाला जोर करावा लागतो. मेंदूचा फोटोही काढला, तर उजव्या बाजूची रक्तवाहिनी मुळातच बारीक निघाली. ऑपरेशन केलं तर रक्तदाब वरखाली होऊन लकव्याची भीती. नाही केलं तर हृदय थकत जाणार. डागाचं औषध रक्तदाब उतरवतं, म्हणून तेही आत्ता नाही.

रुचिर म्हणत होता, थोडी मोठी होऊ दे, मग करू. अमृता म्हणाली, जिला दूध पितानाच घाम फुटतो, ती मोठी होणार कशावर? शेवटी तो डॉक्टरांना हो सांगून आला. बुधवारी ऑपरेशन आहे.

मी कुणाची बाजू घेतली, विचारशील. कुणाचीच नाही. माझी हिंमतच झाली नाही.

तुझ्या आशीर्वादाची वाट बघणारी,
शैला

॥ श्री ॥
ग्वाल्हेर
१९ जानेवारी २०२६

चि. सौ. अमृता,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुलाच आहे. शैलाचं आज मिळालं, आणि माझ्या नातवाकडून, निखिलकडून, हे लगेच कुरियरने पाठवते आहे. मी जे लिहिलं ते तू वाचायला नको होतंस, असं म्हणणार नाही. मी ते लिहायलाच नको होतं.

मूल घाम गाळतंय हे तू पाहिलंस, आणि नवऱ्याला पटेल असं बोललीस. इतक्या भीतीत मला ते सुचलं नसतं. बुधवारी ऑपरेशन झालं की रुचिरला सांग, निखिलच्या मोबाइलवर दोन शब्द टाक. तो मला मोठ्या अक्षरांत दाखवेल.

तुझी,
अक्कामावशी

॥ श्री ॥
इंदूर
२७ जानेवारी २०२६

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन नीट झालं एवढं निखिलने तुला दाखवलंच असेल. पुढचं मी मोबाइलवर पाठवू दिलं नाही.

धमनीचा अरुंद भाग काढून टोकं जोडली. डॉक्टरांनी अमृताचं बोट इशिताच्या पावलावर ठेवलं, तिथे नाडी लागत होती. आम्ही सगळे वेड्यासारखे पाया पडत सुटलो. पण शुद्धीवर आल्यावर पोरगी उजवा हात हलवी, डावा नाही. डावी मूठ आवळलेली. पुन्हा मेंदूचा फोटो. उजवीकडे लहानसा भाग दुखावला आहे. लहान मेंदू आहे, शिकून घेईल, पण किती ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले.

रुचिर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला वाटलं, आता तो अमृताला बोलेल. तो म्हणाला, ऑपरेशनला हो मीही म्हटलं होतं. मग दोघं मिळून पोरीची मूठ एकेक बोट करून उघडायला लागले. तसं करायला तिथल्या व्यायाम घेणाऱ्या मुलीने शिकवलं आहे.

अक्का, मला आता परत भीती वाटायला लागली आहे. तू आहेस म्हणून लिहून टाकते.

तुझी,
शैला

॥ श्री ॥
फ्रीगंज, उज्जैन
१९ एप्रिल २०२६

ती. अक्कामावशी,
सा. न. वि. वि.

आई आज देवासला लग्नाला गेल्या आहेत, म्हणून या वेळचं पत्र माझं. तुमचं तेव्हाचं पत्र ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ करा.

इशिता आता दूध पिताना दमत नाही, उलट बाटली काढली की भांडते. डावा हात अजून मागे आहे. रोज व्यायाम चालू आहे. मेंदूची तपासणी पुढेही होत राहील. भीती पूर्ण गेलेली नाही, म्हणून ती जास्त वेळ झोपली तरी मी उठून बघते. टावर चौकातल्या डॉक्टरांनी हृदयवाल्यांना विचारून डागाचं औषध सुरू केलं आहे. लाली थोडी फिकी झाली आहे. पूर्ण जाईल का, त्या नक्की सांगत नाहीत.

सोबत तिचा फोटो पाठवते. काढायला देवास गेटजवळच्या दुकानात नेलं होतं. फोटोवाल्याने आधी तिचं तोंड दुसरीकडे वळवून बघितलं. मग समजुतीने म्हणाला, बहनजी, कंप्यूटर में दाग साफ कर दूँगा, पता भी नहीं चलेगा. रुचिर माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, रहने दो भैया. हा डाग नसता तर कुणी तिचे मोजे काढून पायाची नाडी बघितली नसती.

म्हणून फोटो आहे तसाच आहे, टोपरं न घातलेला. तुमच्या खोलीत समोर लावा. कुणी विचारलं तर सगळं सांगा.

तुमच्या मायेत असलेली,
अमृता