न मोजता घेतलेला लेथ

१२ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत. वहिनीचा गुडघा आता काय म्हणतोय? इतक्या दिवसांनी माझं पत्र बघून दचकू नकोस, कोणी आजारी नाही. एक सल्ला हवाय, बस.

मी लेथ घेतला. मोठा, बिडाचा, अख्खा लाकडी खांब एका दमात कातून निघेल असा. खुर्च्यांचा एक कारखाना बंद झाला, त्याच्या मालकाने भंगाराच्या भावात दिला रे. मोटर ठणठणीत, बेअरिंगचा आवाज नाही. कुठे खोट सापडेना, तेव्हा तर मला जास्तच संशय आला. एवढा स्वस्त का, म्हणून विचारलं.

"एवढं लांबलचक धूड ठेवायला कोणाकडे जागाच नाही," मालक म्हणाला. "तुमच्याकडे आहे?"

"आहे की," मी म्हणालो.

आता हसू नकोस. ट्रकवाल्याने तो अंगणात उतरवला, दारातून घालायला गेलो, तर अर्धा आत आणि अर्धा बाहेर. फळी कापण्याआधी दोनदा मोजणारा मी. हा चहासुद्धा मोजून पितो, म्हणून तूच चिडवायचास. आणि टेप खिशात असून मी मोजलं नाही! कसं झालं, अजून कळत नाही. त्या मालकासमोर उभा होतो तेव्हा डोळ्यांसमोर आपला कारखाना होता, तुझ्या खिडकीपासून माझ्या दारापर्यंत सलग. वाटणीची भिंत आठवलीच नाही. गवंड्याला विटा मीच उचलून दिल्या होत्या, तरी नाही आठवली.

परत द्यावा तर मालक घेत नाही, विकावा तर मन होत नाही. रोज ताडपत्री काढतो, तेल लावतो, पुन्हा झाकतो. काय करतोय ते माझं मलाच माहीत नाही. बरं, त्यावर खांब चढवायला दोन माणसं लागतात, हेही घरी आल्यावर सुचलं.

ही चिडेल असं वाटलं होतं. तिने लेथभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "तुमचं माप चुकलेलं नाही. दादांना लिहा."

म्हणून लिहितोय. ती भिंत मी एकटाही पाडू शकतो, पण मला एकट्याने पाडायची नाही. तुझी फार आठवण येते, दादा. तुझ्या बाजूला अजून तुझंच कुलूप आहे.

किल्ली पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

अंगणात ताटकळलेला,
तुझा धाकटा