तिसरी खोली

बजरंगा,

अक्काचा आशीर्वाद घे. रागात असलास तरी घे.

देवणीच्या शेतात मी माझा हिस्सा मागितला, तवापासून तू बोलणं टाकलंस. सही करून हक्क सोडणारी बहीणच भावांना गोड लागते, हे मला ठाऊक होतं. पण त्या हिश्श्याचं मी काय केलं, ते तरी ऐक. तो विकून लातूरला क्लासच्या गल्लीत तीन खोल्या घेतल्या, शिकणाऱ्या पोरींना भाड्यानं द्यायला.

पहिली भाडेकरीण उदगीरची दीपमाला. लेकीला डॉक्टर करायचं म्हणून तिच्यासंगं राहायला आलेली. बाईमाणूस पहिल्यांदाच उंबरा चढलं, म्हणून मी तिची ओटी भरली. मग महिना सरला तरी भाडं मागायला जीभ रेटेना. ओटी भरलेल्या बाईला पैसे कसे मागायचे? शेवटी तीच भाडं घेऊन आली अन् हसून म्हणली, "अक्का, ओटी वेगळी, भाडं वेगळं. दोन्ही घ्यायचं असतंय."

तुला मी हेच सांगायला पाहत होते. मला इतकं सोपं करून सांगता आलं न्हाई.

आता दोन खोल्या भरल्यात. जिन्यात पोरींच्या चपलांचा ढीग बघून लई बरं वाटतं. तिसरी खोली विचारायला लोक येतात, मी "दिली" म्हणून सांगते. तुझी पुनम औंदा दहावीला हाय.

हे पत्र मी टाकणार न्हाई. बोलावल्यावर येणं वेगळं, आपणहून येणं वेगळं. खोली विचारायला तूच ये, बायकोला घेऊन. तिची ओटी भरीन. अन् भाडंही घेईन.

तुझीच,
शिवकन्याअक्का